चिंचोक्याला आठवण नसते

“लाडू खाली ठेवा. कोनी कोनाले काही चारायचं नाई. ओ फोटोवाले भाऊ, तुमीही हात खाली करा.”

सर समाजमंदिराच्या दारातून ओरडत होते. आवाज असा, की त्या क्षणी गडचांदूरच्या खाणीत सुरुंग लागला असता तरी लोकांनी सरांकडंच पाहिलं असतं. साखरपुडा म्हणा, आमच्याकडं साक्षगंध म्हणतात, ते माझं होतं. लाडू माझ्या हातात होता आणि समोर मुलीचं तोंड उघडं होतं. तिनं ते मिटलं. मी लाडू ताटात ठेवला. शाळा सोडून अकरा वर्षं झाली होती, पण सरांनी ‘हात खाली’ म्हटलं की आमच्या बॅचचे हात अजून खाली जातात. आमच्यातला एक आता फौजदार आहे, त्याचेही जातात.

“हे कोन?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

“आमचे जीवशास्त्राचे सर,” मी म्हणालो.

“मंग लाडवाशी काय भांडण आहे यांचं?”

भांडण लाडवाशी नव्हतं. पण ते कळायचं तर आधी सर कळायला पाहिजेत, आणि सर एका दमात कळणारा माणूस नव्हे.

चामोर्शीला लागून असलेल्या आमच्या गावात सर आठवी ते दहावी विज्ञान शिकवत. ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. आठवीतल्या पोराला, शाळेच्या शिपायाला आणि शिपायाच्या बकरीला. पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव घेऊन म्हणाले, “तुमी बसा.” मी मागं वळून पाहिलं, माझा बाप आला की काय.

“तुमालेच म्हणतो,” सर म्हणाले. “तुमच्या एकट्याच्या पोटात जेवढे जिवाणू आहेत, तेवढी माणसं साऱ्या जगात नाईत. एवढ्या जमावाले मी ‘तू’ कसं म्हणू?”

त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की आजपासून भात जास्त टाक, आम्ही पुष्कळ जण आहोत. आईनं पाठीत एकच धपाटा घातला. जमावातल्या सगळ्यांना लागला.

पुस्तकातली आकृती पाहून शिकवणं त्यांना पाप वाटे. पेशीविभाजन त्यांनी मैदानात शिकवलं. चुन्यानं भला मोठा गोल आखला, ते पेशीपटल. आत आमची अख्खी नववी. मुलींच्या ओढण्या आणि पोरांचे दुपट्टे ही गुणसूत्रं. एका शिट्टीला दुपट्ट्यांनी मधोमध रांग धरायची, दुसरीला जोड्या सोडून दोन टोकांकडं ओढत न्यायच्या, तिसरीला पेशी मधून तुटायची. आम्ही मनापासून तुटलो. अर्धी पेशी पश्चिमेला गेली, अर्धी पूर्वेला, आणि पूर्वेला कुंपणाला खिंडार होतं. शिवाय तो चामोर्शीच्या बाजाराचा दिवस होता.

हेडमास्तर धावत आले. “सर, अर्धा वर्ग कुठी आहे?”

“विभाजन पूर्ण झालं,” सर म्हणाले. “कन्यापेशी स्वतंत्र असते.”

आणि त्यांनी रजिस्टरात दोन्ही पेशींची हजेरी लावली. कन्यापेशी चार वाजता भजी खाऊन परत आली, तोंड पुसून पुन्हा गोलात उभी राहिली, आणि सरांनी तिला शांतपणे सांगितलं की परत एकत्र येणं हे पेशीच्या नियमात बसत नाही, आता घरी जा.

हृदय शिकायला आम्ही बाजारातल्या मटणाच्या दुकानात जात असू. सर बकऱ्याचं हृदय तळहातावर घेत, चाकूनं उघडत आणि चार कप्पे दाखवत: वर दोन अलिंद, खाली दोन निलय. दरवर्षी हा पाठ ऐकून ऐकून दुकानदाराचाच अभ्यास पक्का झाला. गिऱ्हाइकाला तो विचारी, “भाऊ, डावं निलय देऊ का? त्याची भिंत जाड असते, चावाले मजा येते.” आमच्या तालुक्यात माणसं दवाखान्यात जाऊन डॉक्टरला डावं निलय दुखतं म्हणून सांगत. डॉक्टर नवीन असला तर घाबरायचा.

वाघाची गोष्टही सांगून टाकतो, कारण ती खोटी आहे असं म्हणणारे लोक त्या गाडीत नव्हते. शाळेची सहल निघाली होती. जंगलाच्या रस्त्यावर मधोमध वाघ बसलेला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि स्वतःचं तोंडही. सर उठून उभे राहिले. “वह्या काढा. अन्नसाखळी. गवत, चितळ, आणि हे समोर बसले आहेत ते.” वाघालाही ते ‘तुम्ही’च म्हणत. पुढं अर्धा तास त्यांनी उत्पादक, भक्षक, विघटक असा सगळा धडा घेतला. वाघ ऐकत होता. चितळाच्या भागापर्यंत त्याचं पूर्ण लक्ष होतं. बुरशी आणि कुजण्याचा विषय निघाला तसा तो जांभई देऊन उठून गेला. सर म्हणाले, “तुमच्यासारखंच आहे त्यायचं. विघटक आले की सगळे उठतात.”

असा माणूस. पण आनुवंशिकतेचा धडा आला की मात्र शिट्टी नसे, मैदान नसे. त्या दिवशी सर घरून धान कापायचा इळा घेऊन येत आणि फळ्याच्या खिळ्याला टांगून ठेवत. खिशातून एक बोर काढून टेबलावर ठेवत.

“रक्तातली लाल पेशी ह्या बोरावानी गोल असते. नळीतून घरंगळत जाते. काही लोकायची पेशी ह्या इळ्यावानी वाकडी होते. वाकडी झाली की अडकते. अडकली की मागची सारी रांग थांबते, आणि माणूस हाडातून ओरडतो. ह्याले सिकलसेल म्हणतात. आपल्या भागात हा आजार लय आहे. तो हवेतून येत नाई, पाण्यातून येत नाई, कोनाच्या नजरेनं येत नाई. मायबापाकडून येतो, आणि बहुतेक वेळा मायबापाले पत्ताच नसतो.”

मग ते आपल्या धाकट्या बहिणीचं सांगत. फार नाही, चार वाक्यं. तिचे हातपाय दुखत. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं. ती नववीत होती. “तेल चांगलं होतं,” एवढं म्हणून सर खिडकीबाहेर पाहत, आणि मग खिशातून दोन फोडलेले चिंचोके काढत.

त्या चिंचोक्यांवर त्यांचा सगळा धडा होता. चिंचोक्याची एक बाजू काळी, फोडलेली बाजू पांढरी. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. दोघंही दिसायला ठणठणीत, पण प्रत्येकात एक चांगली बाजू आणि एक वाकडी. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, की प्रत्येक मुलाच्या वेळी दोन्ही चिंचोके हवेत उडतात. सर ते टेबलावर टाकत आणि आम्हाला मोजायला लावत. दोन्ही पांढरे पडले तर ते मूल आजारी.

आम्ही वर्षभर मोजलं. दहावीत सर आम्हाला सगळ्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले, बोटाला सुई टोचून घेतली, पुढची तपासणी झाली आणि महिन्याभरानं एकेकाच्या हातात कार्ड आलं. माझ्या कार्डावर ‘वाहक’ होतं. मी ते पाकिटात ठेवलं, त्यावर पुढं लायसन आलं, लायसनवर सिनेमाच्या एका नटीचा फोटो आला, आणि कार्ड तळाशी गेलं. बोर्डाच्या परीक्षेत आनुवंशिकतेचा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता.

सरांनी मात्र काहीच ऑप्शनला टाकलं नाही. ते लग्नांना जायला लागले. आमंत्रण असो नसो, मांडव दिसला की सर आत. नवरा-नवरीजवळ जाऊन हळूच विचारत, “कार्डं पाह्यली का एकमेकायची?” हळू म्हणजे त्यांच्या मानानं हळू, बँडवाले थांबत. कोणाच्या कार्डावर काय आहे हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. ज्याचं त्यानं काढायचं, ज्याचं त्यानं दाखवायचं. पहिल्यांदा लोकांनी त्यांना हाकललं. मग लोक लपून लग्नं करायला लागले. शेवटी अशी वेळ आली की आमच्याकडचा आचारी तांदूळ भिजवायच्या आधी सरांकडं माणूस पाठवून विचारायचा, “भिजवू का?”

मी बल्लारपूरला वायरिंगची कामं करत होतो. सोयरीक गडचांदूरची आली, मुलगी एकदाच पाहिली, तीही मोठ्यांच्या घोळक्यात, आम्हा दोघांना बोलायलाही न मिळता, आणि दुसऱ्या दिवशी एका घरात मी पंख्याच्या बटणाला दिवा आणि दिव्याच्या बटणाला पंखा जोडून आलो, इतकी ती मला आवडली होती. आई म्हणाली, सरांना बोलाव. बाबा म्हणाले, लग्नाले बोलाव, साक्षगंधाले नको. मी आईचं ऐकलं. सर तीन बस बदलून आले, आणि शेवटची बस थांबली तेव्हा माझा लाडू उचललेला होता.

तर सर सभागृहात आले, सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “तुमी दोघं. कार्डं काढा.”

मी पाकीट काढलं. नटी निघाली, लायसन निघालं, कार्ड निघालं. मुलीनं आपल्या पर्समधून कार्ड काढलं. तिनं ते लॅमिनेट केलं होतं. आम्ही ती एकमेकांच्या हातात दिली. अंगठ्या द्यायच्या होत्या तिथं कार्डं दिली. तिच्या कार्डावरही ‘वाहक’ होतं.

तिनं माझं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. तिनं काही विचारायच्या आधीच मला कळलं की हिनं बोर्डातला तो प्रश्न सोडवला होता.

आता बाबा उठले. बाबांबद्दल दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. एक, ते सभेत बोलले की टाळ्या पडतातच. दोन, चिंचोके टाकून अष्टाचंगा खेळण्यात आमच्या पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एकदा त्यांनी लागोपाठ तीन वेळा अष्टा, म्हणजे सगळ्यात मोठं दान, पाडला होता, त्या दिवसापासून गावात वर्षं त्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची अशी मोजतात.

“सर,” बाबा म्हणाले, “आमच्या घरात छप्पनपासून पत्रिका नाई, गुण नाई, मंगळ नाई. माह्या बापानं पंचांग चुलीत घातलं आणि त्याच्यावर चहा केला. आता तुमी शिकलेले लोक मागच्या दारातून पुन्हा जुळवाजुळव आणून राह्यले. तवा पत्रिका होती, आता कार्ड. आमी हे मानत नाई. लग्न दोन माणसायचं होते, दोन कार्डायचं नाई.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चांगलं बोलले होते.

“भाषण एकदम बरोबर आहे,” सर म्हणाले. “पत्रिकेतला मंगळ खोटा होता म्हणून तुमच्या वडिलायनं फेकला. हे रक्त खोटं आहे का, तेवढं सांगा. मी आत्ता निघतो.”

बाबा खाली बसले. “धोका केवढा आहे?”

“चारात एक.”

बाबांनी बोटांवर मोजलं. सगळं सभागृह त्यांच्या बोटांकडं पाहत होतं. “मंग तीनच पोरं करावं,” बाबा म्हणाले. “चौथ्यापर्यंत जाऊच नाई.”

लोकांना एकदम मोकळं वाटलं. मुलीचे वडील म्हणाले, “आमचं तं दोनावरच भागते.” मागून कोणीतरी आचाऱ्याला वरणाला फोडणी द्यायला सांगितलं. मी पुन्हा लाडवाकडं पाहिलं.

सरांनी खिशातून दोन चिंचोके काढले. सतरंजी बाजूला सारून फरशीवर ठेवले. “हा तुमच्या मुलाचा. हा ह्यायच्या मुलीचा. दोन्ही पांढरे पडले तं ते लेकरू दुखण्याचं. टाका, भाऊ. तुमी तं खेळणारे आहात.”

बाबांनी माझा चिंचोका घेतला, मुलीच्या वडिलांनी तिचा. दोघांनी एकदम टाकले. एक काळा, एक पांढरा.

“हे तुमचं पहिलं नातवंड,” सर म्हणाले. “तुमच्या पोरावानीच वाहक. ठणठणीत.”

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं, जणू बारसं झालं. दुसऱ्यांदा टाकले. दोन्ही पांढरे.

“हे दुसरं आहे,” बाबा म्हणाले. “चौथं नाई.”

“नाई,” सर म्हणाले. “दुसरंच आहे.”

“मंग हे धरायचं नाई. माहा हात हलला.”

“बरं. टाका.”

तिसऱ्यांदा दोन्ही काळे पडले. बाबा फुलले. “पाहा. पांढरं एकदा येऊन गेलं. आता त्याची पाळी संपली. पुढचे सारे मोकळे.”

“चिंचोक्याले आठवण नसते, भाऊ,” सर म्हणाले. “मागं काय पडलं ते त्याले माहीत नाई. दर लेकराले नवा डाव. तुमाले एकदा अष्टा पडला म्हणून पुढचा अष्टा अडला होता का?”

आता बाबांची पंचाईत झाली. अडतो म्हणावं, तर तीन अष्ट्यांचा दिवस खोटा पडतो. आणि तो दिवस पाहिलेली निदान पंधरा माणसं सभागृहात बसली होती. बाबांनी बाह्या वर सारल्या. चौथ्यांदा टाकले.

दोन्ही पांढरे.

या वेळी हात हलला असं कोणी म्हटलं नाही. बाबांनी दोन्ही चिंचोके उचलले, पुसले आणि सरांच्या हातात न देता स्वतःपाशीच धरून बसले.

मुलीचे वडील चुनखडीच्या खाणीत काम करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “नागपूरले लेकरू पोटात असतानाच तपासून सांगते म्हणते.”

“सांगते,” सर म्हणाले. “तोही रस्ता आहे, आणि त्यात काही वाईट नाई. माहीत असून यायनं लग्न केलं तं मी वरातीत नाचीन. माहीत नसताना नाई करू देत, एवढ्यासाठी ओरडलो. आता तुमी-आमी गप्प बसू. हे दोघं सांगतील.”

हे ऐकून सगळे माझ्याकडं वळले, कारण मी बोलणारा. मी बोलायला लागलो की बल्लारपूरच्या फलाटावर लोकांच्या गाड्या सुटतात असं माझी आई सांगते. त्या दिवशी मला एक अक्षर आठवेना. माझ्या मनात एवढंच होतं की ही हो म्हणू दे, मग मी नागपूरच काय, पायी दिल्लीला जाईन.

मुलगी उभी राहिली.

“माही आत्या आमच्याच घरी होती,” ती म्हणाली. “थंडी पडली की तिचे पाय मी दाबत होती. सातवीपासून. बारावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आली तं पाय दाबाले कोनी उरलं नव्हतं. तपासणी करता येते, मले माहीत आहे. पन मले त्या रिपोर्टाची वाट पाहत बसता येत नाई. एकदाही नाई.”

मग ती माझ्याकडं वळली. “तुमच्यात काही खोट नाई.”

“तुमच्यातही नाई,” मी म्हणालो.

आमचं एवढंच बोलणं झालं. तिनं माझं कार्ड मला दिलं, मी तिचं तिला.

जेवणं झाली, कारण दीडशे माणसांचा स्वयंपाक कोणाचं ऐकून थांबत नाही. पंगतीत बाबा आणि मुलीचे वडील शेजारी बसले आणि एकमेकांना वाढा वाढा म्हणत राहिले. लाडू पोरांना वाटले. निघताना सगळ्यांनी सगळ्यांना जयभीम केला. सर परतीच्या बसमध्ये आमच्यासोबतच होते. चंद्रपूर येईपर्यंत बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत. चंद्रपूरला उतरल्यावर म्हणाले, “सर, पुढच्या रविवारी माह्या साळ्याच्या पोरीचं आहे. तुमी या. चिंचोके मी आणतो.”

तेव्हापासून दोघं बरोबर जाऊ लागले. सर ओरडायचे, बाबा टाकायचे. बाबांनी हात हलल्याची सबब परत कधी ऐकून घेतली नाही, कोणाचीच.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायको मूल गावची. आधी कार्ड पाहिलं, मग तिला. तिच्या कार्डावर ‘वाहक’ नव्हतं आणि मी तिला पसंत पडलो, या क्रमानं. आता एक मुलगी आहे. सर तिला ‘तुम्ही’ म्हणतात.

परवा चामोर्शीच्या बाजारात सर भेटले. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. मोहाच्या झाडाखाली उभे राहून एका भाजीवालीला सांगत होते की तिचा बटाटा हे मूळ नसून खोड आहे, आणि ती म्हणत होती की काही असो, पाव किलो घ्या. मला पाहून त्यांनी तिला मोकळं केलं. घरचं विचारलं, बाबांचा गुडघा विचारला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं.

“सर, ती गडचांदूरची कशी आहे?”

“लग्न झालं तिचं. मागच्या उन्हाळ्यात. कोरपन्याकडं दिली. साक्षगंधाले मले पत्रिका आली होती.”

“गेले होते?”

“गेलो.”

मी त्यांच्या पिशवीतल्या बटाट्यांकडं पाहत होतो. “ओरडा लागलं का?”

“नाई,” सर म्हणाले. “जेवलो. वरण पातळ होतं.”